ट्यूबचा बेडूक

परभणीत, मुनीरच्या दुकानात, काचेखाली
जपानी मासोळ्या ओळीनं निजलेल्या असतात.
पोटात छर्रे; हलवलं की खुळखुळा.
एकीचे साडेचारशे.
मी हातात घेतो, उजेडाला धरतो, परत ठेवतो.
"मिस्तरी, मरळ येडी होती याच्यावर."
मरळीच्या आधी बायको होईल, मी म्हणतो.

मग घेतो ते ठरलेलंच:
चाळीसचा दोरा, हिरवट, शेवाळात न दिसणारा,
एक नंबरचे गळ, कागदाच्या पुडीत,
थोडं शिसं. शिसं लागत नाही मला,
पण पिशवीला वजन असलं की बरं वाटतं.

बाकी सगळं माझ्याच दुकानातलं.
सायकलचा स्पोक कापायचा, पकडीनं दोन्ही टोकांना फासे:
मरळीच्या दातांना पुरून उरते ती तार.
आणि बाद ट्यूबमधून कापायचा बेडूक.
दोन तंगड्या, पोटात बूच.
डोळे नाही काढत.
ती खालून बघते, तिला पोटच दिसतं.

जिंतूरहून साडेचारला निघायचं,
एम-एटीच्या हँडलला काठी बांधून.
येलदरीच्या पाण्यावर सटवाजी भोई आधीच असतो,
थर्माकोलच्या तराफ्यावर उकिडवा,
रात्रीचं जाळं उचलत, हाताची वल्ही मारत.
माझं रीळ म्हणजे त्याची रोजची करमणूक.
"एक मासा धराया यवढं सामान? कामून?"
मी चहाचा थर्मास पुढं करतो. तो उत्तर समजून पितो.

पोळ्याच्या अलीकडचा रविवार होता.
बुडालेल्या बाभळीच्या शेंड्यांपाशी
पाणी एकाच जागी उकळत होतं,
ताटाएवढं, लालसर.
पिल्लं.
सुपात राळे पाखडावेत तशी
हवा घ्यायला वर, पुन्हा खाली, पुन्हा वर.
"नगं," सटवाजी तराफ्यावरून म्हणाला.
तेवढंच.

वारा नव्हता. अंतर वीस हात.
मला ऐकू आलं होतं.

बेडूक पिल्लांच्या पलीकडं टाकला मी, जरा लांब.
ओढला. थांबवला. ओढला.
ताटाच्या मधोमध आणून उभा केला.
पाण्याखाली कुणी दार आपटावं
तसा आवाज, आणि काठी माझ्या हातात नाहीच जणू.
बाभळीकडं गेली, काट्यांत शिरली, फिरली, परत आली.
तार टिकली. गाठ टिकली.
माझ्या कामात नाव ठेवायला जागा नव्हती.

साडेतीन किलो. चिखलावर ती तोंड उघडझाप करत होती
आणि मी पकडीनं गळ सोडवत होतो;
तेवढ्या वेळात चिलाप्या आल्या.
कुठून आल्या, आधी एकही नव्हती.
मान वर केली तेव्हा ताट पुसलेलं होतं.
एखाददुसरा लाल ठिपका, मग तोही नाही.

सटवाजी काही संत नाही.
तो क्रेटनं मारतो, बर्फ घालून नांदेडला पाठवतो.
त्यानं जाळ्याची घडी केली, काठाला आला,
बेडूक उचलून उलटापालटा केला,
तंगडी ताणून पाहिली.
"लय ब्येस केलाय," म्हणाला,
आणि चहा न घेताच गेला.

घरी कौशीनं पोट फाडलं.
"आत काईच न्हाई हो. उपाशीच व्हती का काय?"
भुकेनं आलीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं.
जेवणात मी कालवण दोनदा घेतलं.
चव चांगली होती. तेही खरं आहे.

आता मुनीर माझे बेडूक ठेवतो,
जपानी मासोळ्यांच्या शेजारी, त्याच काचेखाली,
साठ रुपयाला एक. लातूरहूनसुद्धा पोरं येतात.
आषाढ लागला की त्याचा फोन येतो:
मिस्तरी, माल संपला, वीसेक तरी धाडा.
ट्यूब मिळेना बघा, मी सांगतो,
पोळा होऊ द्या, मग बघू.
बोलताना पाठ भिंतीला टेकलेली असते,
आणि भिंतभर, खिळ्याखिळ्याला,
काळ्या ट्यूबा लोंबत असतात.